क्लॅक्टनचा ईस्टर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, क्लॅक्टन नावाचे समुद्रकाठचे एक गाव आहे. लंडनच्या पूर्व भागातील कामकरी वस्तीला सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जावयाचे म्हटले म्हणजे हे गाव सोयीचे पडते. ब्रायटनसारखा त्याचा नावलौकिक नाही, आणि तरुण मुलांनी मन रमवावे अशा जागाही तेथे तेव्हा फारशा नव्हत्या. १९६४ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत या गावी जे घडले ते वास्तविक स्थानिक पोलीसठाण्याच्या नोंदवहीत राहून जावयाचे. परंतु ते देशोदेशींच्या वृत्तपत्रांत गेले, पार्लमेंटात गेले, एका कायद्याला निमित्त झाले आणि पुढे समाजशास्त्रातील एका सुप्रसिद्ध ग्रंथाचा विषय होऊन बसले. तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींचे चित्र वृत्तपत्रे कसे रंगवितात, आणि एकदा रंगविलेले चित्र पुढे आपण होऊन काय काय घडवून आणते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी क्लॅक्टनच्या त्या दोन दिवसांचा इतिहास अवश्य पाहावा.

या वयाला आपल्याकडे 'पौगंडावस्था' हा शब्द रूढ झाला आहे. गंमत अशी की, भागवताच्या टीकाकारांनी वयांची जी वाटणी सांगितली आहे तीत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन असा क्रम आहे. म्हणजे मूळचा पौगंड हा प्राथमिक शाळेत जाणारा मुलगा होय! शब्द जुना, पण त्यात आशय भरला तो नवा. पाश्चात्त्य देशांतही निराळे घडले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली दोन जाडजूड खंड प्रसिद्ध करून हे वय म्हणजे वादळाचा आणि मानसिक ताणाचा काळ होय असा सिद्धान्त मांडला. 'टीनेजर' हा शब्द तर त्याहूनही अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो अमेरिकेत बोलण्यात रुळला, आणि १९४४ साली 'सेव्हन्टीन' हे खास या वयाच्या मुलींसाठी काढलेले मासिक तेथे निघाले. हॉलच्या ग्रंथात या मुलांच्या मनातले वादळ होते. मासिकाच्या जाहिरातदारांना त्यांच्या हातातला पैसा दिसला. दांडगट पोर आणि पैसेवाले गिऱ्हाईक ही दोन्ही चित्रे पुढे वृत्तपत्रांनी आलटून पालटून वापरली.

दांडगट पोराचे चित्र अर्थातच 'टीनेजर' या शब्दाहून जुने आहे. १८९८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बँकांच्या सुट्टीच्या दिवशी लंडनच्या रस्त्यांवर दंगेधोपे झाले, आणि पोलीस-कोर्टांत पुढे उभ्या राहिलेल्या पोरांसाठी वृत्तपत्रांनी 'हूलिगन' हा नवा शब्द उचलला. त्या पोरांच्या घोळदार विजारी, गळ्याभोवतीचे रुमाल, धातूच्या फुल्या ठोकलेले जाड कमरपट्टे यांची वर्णने रकान्यांतून येऊ लागली. हा शब्द एका आयरिश आडनावावरून आला असे सामान्यतः मानतात. दंगा लंडनच्या पोरांनी करावयाचा आणि त्याला नाव मात्र परक्या, गरीब, कॅथलिक समाजाच्या आडनावावरून द्यावयाचे, यात इंग्रजी वृत्तपत्रांना काही विपरीत वाटले नाही. ही पोरे खऱ्या इंग्रज रक्ताची नव्हेत असे सुचविण्याचा तो एक सोपा मार्ग होता. पुढे १९५३ साली राजा एडवर्डच्या काळच्या फॅशनचे लांब कोट घालणारी मुले दिसू लागली, तेव्हा 'डेली एक्सप्रेस'ने त्यांचे 'एडवर्डियन' हे नाव तोडून 'टेडी' असे केले. १९५६ साली 'रॉक अराउंड द क्लॉक' हा चित्रपट लागला असता काही चित्रपटगृहांत गोंधळ झाला आणि काही गावांच्या नगरपालिकांनी त्या चित्रपटावर बंदीच घातली.

जेफ्री पिअर्सन या इंग्रज अभ्यासकाने १९८३ साली या सर्व प्रकरणांचा मागोवा घेणारा एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक मौजेची गोष्ट दाखवून दिली आहे. प्रत्येक काळातील वडीलधारी माणसे असे म्हणताना आढळतात की, वीस वर्षांपूर्वी मुले अशी नव्हती. मग त्या वीस वर्षांपूर्वीची वृत्तपत्रे काढून पाहावी तर त्यांतही तीच हाकाटी, आणि बोट त्याच्याही मागच्या वीस वर्षांकडे! असे मागे मागे जाता माणूस व्हिक्टोरिया राणीच्या काळाच्याही पलीकडे पोहोचतो, पण ती सुशील मुले काही त्याला भेटत नाहीत.

तरीही १९६० नंतरच्या इंग्लंडात काहीच नवे नव्हते असे म्हणणे चुकीचे होईल. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलांच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक पगार पडत होता. सक्तीची लष्करी सेवा बंद होत आली होती. १९६० च्या अखेरीनंतर नव्या मुलांना बोलावणे थांबले आणि १९६३ साली शेवटचे शिपाईही घरी आले. तेव्हा अठराव्या वर्षी केस कापून कवायतीला जावयाचे नाही अशी ही पहिलीच फळी होती. मार्क एब्रम्स या बाजार-अभ्यासकाने १९५९ साली 'टीनेजर गिऱ्हाइका'वर एक पुस्तिका लिहून व्यापाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले होते. त्याची व्याख्या मोठी बोलकी आहे. पंधरा ते पंचवीस या वयाचा जो अविवाहित तो टीनेजर! चोविसाव्या वर्षीही लग्न झाले नसेल तर माणूस टीनेजर, आणि अठराव्या वर्षी लग्न केले की तो एकदम प्रौढ. व्याख्या वयाची दिसली तरी तिचा सारा भर खिशावर होता, हे त्यावरून ध्यानात येते.

या मुलांत 'मॉड' व 'रॉकर' असे दोन पंथ होते. मॉड म्हणजे नीटनेटके कपडे करणारे, इटालियन धर्तीचे आखूड कोट घालणारे आणि लॅम्ब्रेटा किंवा व्हेस्पा स्कूटरवर फिरणारे. रॉकर म्हणजे कातडी जाकिटे घालून जड मोटारसायकली उडविणारे. येथे थोडे विषयांतर करून सांगितले पाहिजे की, याच दोन इटालियन स्कूटर त्याच काळात आपल्याकडेही धावू लागल्या होत्या. लॅम्ब्रेटा मुंबईत तयार होई, व्हेस्पा बजाज कंपनी काढी, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर ती दारात आली म्हणजे तिला हार घालीत. पुढे मूल उभे, मागे गृहिणी बसलेली आणि मध्ये ऑफिसला जाणारा सभ्य गृहस्थ, असे ते आपल्याकडील दृश्य. इंग्लंडात मात्र १९६४ च्या उन्हाळ्यात तीच स्कूटर दिसताच पोलीस थांबवून चौकशी करू लागले. वाहनात दोष नव्हता. चित्रात त्याला जी जागा दिली गेली होती तिचा हा परिणाम.

आता प्रत्यक्ष घटना. २९ मार्च १९६४ हा ईस्टरचा रविवार. प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा हा सण, आणि शुक्रवारपासून सोमवारपर्यंत सलग सुट्टी. त्या वर्षी हवा ओली होती आणि थंडी अशी की गेल्या ऐंशी वर्षांत ईस्टरच्या रविवारी तशी पडली नव्हती. दुकानदार धंदा बसल्यामुळे त्रासलेले, मुले करमणूक नसल्यामुळे कंटाळलेली. काही कॉफीगृहांतून आणि दारूच्या दुकानांतून मुलांना काही देण्याचे नाकारले जात आहे अशी अफवा उठली. रस्त्यावर लहानसहान टोळकी जमली, ढकलाढकली झाली, दगड फेकले गेले. स्कूटर आणि मोटारसायकली घेऊन पोरे रस्त्यावरून कर्कश आवाज करीत फिरू लागली. खिडक्यांच्या काचा फुटल्या, समुद्रकाठच्या लाकडी खोल्यांपैकी काहींची मोडतोड झाली, आणि एका पोराने शर्यतीच्या वेळी उडवितात तसले पोकळ आवाजाचे पिस्तूल हवेत उडविले. पोलीस संख्येने थोडे आणि बेसावध होते. गर्दी, गोंगाट आणि सर्वांचाच बिघडलेला स्वभाव यांमुळे गावकऱ्यांचे ते दोन दिवस त्रासाचे आणि काहींचे भीतीचेही गेले, हे नाकारण्याचे कारण नाही.

सोमवारी सकाळी 'टाइम्स'चा अपवाद सोडल्यास लंडनच्या साऱ्या दैनिकांनी ही बातमी अग्रभागी छापली. 'डेली टेलिग्राफ'ने स्कूटरवाल्या टोळ्यांच्या दहशतीचा दिवस असा मथळा दिला. 'डेली मिरर'ने रानटी पोरांनी समुद्रकिनाऱ्यावर स्वारी केल्याचे सांगितले. अटकेचा ९७ हा आकडा तर मथळ्यातच गेला. स्वारी, लढाई, वेढा, विध्वंस अशी सारी युद्धाची भाषा. बेल्जियममधील एका वृत्तपत्राने छायाचित्राखाली 'वेस्ट साइड स्टोरी'चे नाव घालून ती जणू अमेरिकन चित्रपटातील टोळीयुद्धाचीच इंग्लिश आवृत्ती ठरविली.

त्या ९७ जणांचे काय झाले ते पाहावे. हिंसेचा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला ते सुमारे दहांत एक. चोवीस जणांचे गुन्हे तर असे होते की, त्यांचा दंग्याशी काडीचा संबंध नव्हता. कोणी अर्धा पाइंट पेट्रोल चोरले होते, कोणी पेयाच्या यंत्रातून फुकट बाटली काढू पाहिली होती, आणि एकाने सात पेनींची उधारी फसवून मिळविली होती, म्हणजे पैसे न देता आइस्क्रीम खाल्ले होते. गावाच्या नुकसानीचा अंदाज ५१३ पौंड झाला. रक्कम लहान नव्हे. पण शत्रूने स्वारी केलेल्या शहराचे नुकसान ५१३ पौंडांत भागल्याचे इतिहासात दुसरे उदाहरण सापडणार नाही. घडलेली गोष्ट 'थोडी' वाढवून छापली गेली, अशी कबुली 'मिरर'च्या एका साहाय्यक संपादकाने नंतर दिली. परंतु तोवर चित्र लोकांच्या मनात पुरते वाळले होते.

हे वाढविणे कसे होते, याची कृती साधी आहे. एकवचनाचे अनेकवचन करावयाचे. एक होडी उलटली तर होड्या उलटल्या असे लिहावयाचे. किनाऱ्याजवळच्या सर्व नृत्यगृहांच्या काचा फुटल्या असे एका ठिकाणाविषयी छापून आले; तेथे नृत्यगृह एकच होते आणि त्याच्या काही काचा फुटल्या होत्या. दुसरा उपाय म्हणजे दूरच्या गोष्टीला जवळची करावयाची. मे महिन्यात डब्लिनच्या एका सायंदैनिकाने इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दहशतीच्या बातमीच्या मथळ्यातच छिन्नविच्छिन्न झालेला एक मॉड बागेत मृत सापडल्याचे सांगितले. तो इसम विशीच्या पुढचा होता, तो बर्मिंगहॅममध्ये सापडला होता, आणि तोही किनाऱ्यावरील गडबडीच्या आदल्या दिवशी. बर्मिंगहॅमहून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल नसला तरी चांगला दूर आहे. त्याच्या अंगावर मॉड पद्धतीचे जाकीट होते म्हणे. तेवढ्यावर तो मथळ्यात जाऊन बसला.

ईस्टरनंतर सातव्या रविवारी पेंटेकॉस्टचा सण येतो. इंग्रज लोक त्याला व्हिटसन म्हणतात. १९६४ साली तो १७ मे रोजी होता व दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मधल्या सात आठवड्यांत पुढचा दंगा कोठे होणार याची भाकिते वृत्तपत्रांतून येत राहिली. ही भाकिते वाचून सावध झाले ते पोलीस आणि दुकानदार. आणि हीच भाकिते वाचून कोठे जावे हे मुलांनाही कळले! मार्गेट, ब्रायटन आणि बोर्नमथ येथे मुलांच्या झुंडी जमल्या, त्यांच्यामागे बातमीदार आणि छायाचित्रकार आले, आणि त्या सर्वांना पाहावयास सामान्य बघे लोक कठड्यांवर ओळीने उभे राहिले. क्लॅक्टनला आलेल्या कित्येक मुलांना आपण मॉड की रॉकर हे ठामपणे सांगता आले नसते. खरी चुरस लंडनची पोरे आणि गावातली पोरे यांच्यात होती. आता वृत्तपत्र वाचून प्रत्येकाला आपला तट ठरविणे भाग पडले. एवढे होऊन नुकसान ब्रायटनला सुमारे ४००, मार्गेटला २५० आणि बोर्नमथला १०० पौंड झाले, म्हणजे क्लॅक्टनपेक्षा प्रत्येक ठिकाणी कमीच. मथळे मात्र पहिल्याहून मोठे होते.

या सर्वांत खरी किंमत मोजली ती मुलांनी, आणि ती न्यायालयांत. मार्गेटचे मॅजिस्ट्रेट डॉ. जॉर्ज सिम्प्सन यांनी समोरच्या पोरांना लाकडाच्या भुशाने भरलेले सीझर म्हटले आणि उंदरांची उपमा दिली. न्यायासनावरून उच्चारलेले हे शब्द दुसऱ्या दिवशी सर्व देशभर वाजले. कित्येक ठिकाणी जामीन नाकारून मुलांना तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे खटला चालून किरकोळ दंडावर सुटका झाली तरी तुरुंगवास भोगून झालेलाच होता. ऑगस्टच्या सुट्टीत हेस्टिंग्जला तर लंडनचे पोलीस हवाई दलाच्या विमानातून आणण्यात आले. गृहमंत्री हेन्री ब्रुक यांनी मालमत्तेच्या नासधुशीबद्दल अधिक दंड व भरपाई वसूल करता यावी असे विधेयक त्याच वर्षी पार्लमेंटात मंजूर करून घेतले.

मार्गेटच्या कोर्टातील एक प्रसंग सर्वांत अधिक गाजला. ७५ पौंडांचा दंड सुनावला जाताच एका पोराने, "चेकने देतो," असे उत्तर दिले. वृत्तपत्रांना याहून चांगले काय हवे होते? एब्रम्सचा पैसेवाला गिऱ्हाईक आणि क्लॅक्टनचा दांडगट हे दोघे त्या एका वाक्यात एक झाले. ही धनवान पोरे आहेत, दंडाची त्यांना पर्वा नाही, असे अग्रलेख निघाले. तीन दिवसांनी त्या पोराने खरे सांगितले. त्याच्याजवळ ७५ पौंड नव्हते. त्याचे बँकेत खाते नव्हते. जन्मात त्याने एकही चेक लिहिलेला नव्हता. चारचौघांत आपण कफल्लक दिसू नये म्हणून त्याने ती बढाई मारली होती. मार्गेटला शिक्षा झालेल्या मुलांची पाहणी पॉल बार्कर व ॲलन लिटल या दोघांनी त्याच वर्षी केली, तीत त्यांची हाती पडणारी कमाई सरासरी आठवड्याला ११ पौंड निघाली. तेव्हा ७५ पौंड म्हणजे जवळजवळ सात आठवड्यांची पुरी मजुरी. त्या पोराचा खुलासा फार थोड्या पत्रांनी छापला. चार वर्षांनी, १९६८ साली, मॅजिस्ट्रेटांच्या एका परिषदेत या मुलांवर दंडाचा परिणाम होत नाही हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा तीच चेकची गोष्ट सांगितली गेली.

त्याच लंडनमध्ये या मुलांकडे निराळ्या दृष्टीने पाहणारा एक माणूस होता. हॅकनी विक भागातील सेंट मेरी ऑफ ईटन या चर्चचे धर्मगुरू बिल शेरगोल्ड हे स्वतः मोटारसायकल चालवीत. १९६२ साली ते रॉकरांच्या एका प्रसिद्ध उपाहारगृहावर, एस कॅफेवर, गेले आणि त्यांनी त्या मुलांना चर्चमध्ये प्रार्थनेला बोलाविले. जाताना त्यांना भीती वाटली होती असे ते सांगत. पण मुले आली, आपली वाहने घेऊन आली, आणि 'फिफ्टीनाइन क्लब' या तरुणांच्या मंडळाची मोटारसायकल शाखा त्यातून उभी राहिली. पुढे तिची सभासदसंख्या हजारांवर गेली. कातडी जाकीट तेच, मोटारसायकल तीच. ईस्टरच्या मथळ्यांतला रॉकर आणि शेरगोल्डच्या चर्चमधला रॉकर हे कदाचित एकाच गल्लीत राहत असतील. धर्मगुरूंनी वेगळे एवढेच केले की, मुलांविषयी वाचण्याऐवजी ते त्यांना जाऊन भेटले.

या घटना घडल्या तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील जोहानेसबर्गहून आलेला स्टॅन्ली कोहेन नावाचा एक बावीस वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये होता. पुढे या प्रकरणावर संशोधन करताना त्याने किनाऱ्यावर जाऊन मुलांशी, दुकानदारांशी, बघ्यांशी बोलणे केले, वृत्तपत्रांची कात्रणे जमविली, न्यायालयांच्या नोंदी तपासल्या. १९७२ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वर दिलेल्या आकड्यांपैकी व प्रसंगांपैकी बहुतेक त्याच्याच परिश्रमाचे फळ होत. समाजाला अधूनमधून एखादा गट असा सापडतो की, साऱ्या अनिष्टाचे खापर त्याच्यावर फोडता यावे. मग संपादक, धर्मोपदेशक, राजकारणी आणि न्यायाधीश एकमेकांचे शब्द उचलून धरतात आणि भीती मूळ गोष्टीच्या प्रमाणाबाहेर वाढते, असे त्याचे म्हणणे. या भीतीला 'नैतिक घबराट' म्हणता येईल. दंगा मुळी झालाच नाही, असे कोहेन कोठेही म्हणत नाही. झालेला दंगा आणि छापलेला दंगा यांच्यातले अंतर त्याने मोजले, आणि त्या अंतराची शिक्षा कोणी भोगली हेही सांगितले. २०१३ साली तो वारला. त्याने वापरलेली संज्ञा आज त्याच वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत सर्रास आढळते, ही त्यातली मौज.

त्या पिढीतील मॉड मुले आज पंचाहत्तरीच्या पलीकडे गेली आहेत. १९७९ साली 'क्वाड्रोफीनिया' हा चित्रपट त्यांच्यावर निघाला. ब्रायटनमधील ज्या अरुंद बोळात त्याचा एक प्रसंग चित्रित झाला तो बोळ पाहावयास पर्यटक येतात आणि भिंतीवर आपली नावे लिहून जातात. आरशांनी आणि दिव्यांनी मढविलेल्या जुन्या लॅम्ब्रेटा घेऊन हौशी लोक सुट्टीच्या दिवशी ब्रायटनच्या किनाऱ्यावर अजूनही जमतात. जाणारे-येणारे थांबून कौतुकाने त्यांची छायाचित्रे घेतात, आणि हल्लीच्या पोरांपेक्षा ती माणसे बरी होती, असे आपसांत म्हणतात.